विश्लेषण : निकालाच्या दिवशी संकेतस्थळ ‘बसते’ म्हणजे नेमके काय होते?

१६ जुलै २०२१. करोनामुळे परीक्षाच झाली नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर दहावीचा निकाल लागला होता. दुपारी एक वाजता तो ऑनलाइन जाहीर झाला आणि पुढचे कित्येक तास राज्यातल्या घराघरांत मोबाइलच्या पडद्यावर नुसते गोल चक्र फिरत राहिले. विद्यार्थी १५ लाखांहून अधिक, पण गुण पाहायला बसलेले लोक त्याच्या कितीतरी पट. आई एका फोनवर, मामा दुसऱ्या फोनवर, शेजारचा दादा लॅपटॉपवर. ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द त्या दिवशी महाराष्ट्रात बहुधा सर्वाधिक वेळा उच्चारले गेले असतील.

पण सर्व्हर ‘डाऊन’ होतो म्हणजे काय होतो? बहुतेक वेळा तो बंद पडलेला नसतो, जळालेला नसतो आणि गंमत म्हणजे अनेकदा तो फारसा दमलेलाही नसतो. प्रोसेसर निवांत असतो, मेमरी शिल्लक असते, तरीही दारात लोक ताटकळत असतात. दोष यंत्राच्या ताकदीपेक्षा येणाऱ्यांना सांभाळण्याच्या पद्धतीत असतो. संगणक अभियांत्रिकीत या विषयाला ‘कनेक्शन हँडलिंग’ म्हणतात. गेली २५ वर्षे जगभरातले अभियंते त्यावर डोके खपवत आहेत.

कनेक्शन म्हणजे काय आणि ते कुठे अडते?

तुम्ही पत्ता टाइप करून ‘गो’ दाबता, तेव्हा पान लगेच येत नाही. आधी तुमचा फोन आणि सर्व्हर यांच्यात ओळखपाळख होते. फोन विचारतो, ‘बोलू का?’ सर्व्हर म्हणतो, ‘बोला, ऐकू येतंय का?’ फोन म्हणतो, ‘येतंय.’ या तीन निरोपांना टीसीपीचे त्रिस्तरीय हस्तांदोलन म्हणतात. त्यानंतर सुरक्षित जोडणीसाठी, म्हणजे पत्त्यापुढे कुलूप दिसावे यासाठी, आणखी निरोपांची देवाणघेवाण होते. जुन्या टीएलएस १.२ मध्ये त्याला दोन फेऱ्या लागत, २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मध्ये एकच लागते. हे सगळे झाल्यावर मग तुमचा बैठक क्रमांक सर्व्हरपर्यंत पोहोचतो.

हस्तांदोलन पूर्ण झालेली कनेक्शन सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीममधल्या एका छोट्या रांगेत उभी राहतात. संकेतस्थळ चालवणारा प्रोग्रॅम त्या रांगेतून एकेकाला आत घेतो. या रांगेची कमाल लांबी ठरलेली असते. लिनक्समध्ये ती मर्यादा वर्षानुवर्षे १२८ होती, २०१९ च्या ५.४ आवृत्तीत ती ४०९६ झाली. रांग भरली की लिनक्स सहसा ‘जागा नाही’ असे उत्तरही देत नाही. नव्याने येणारा निरोप तो गुपचूप टाकून देतो.

तुमच्या फोनला वाटते, निरोप वाटेत हरवला. मग तो एक सेकंदाने पुन्हा विचारतो, त्यानंतर दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ. म्हणजे सुरुवातीपासून मोजले तर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या सेकंदाला. पडद्यावरचे ते चक्र फिरत असते ते याच काळात. सर्व्हर विचार करत असतो म्हणून नव्हे, तर त्याने तुमची हाक ऐकून न ऐकल्यासारखी केलेली असते म्हणून.

एका गिऱ्हाइकामागे एक वाढपी

आता रांगेतून आत घेतल्यावर काय होते ते पाहू. वेबच्या सुरुवातीच्या काळातली पद्धत सरळ होती. आलेल्या प्रत्येक कनेक्शनला एक स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे एक स्वतंत्र कामगार द्यायचा. खानावळीत प्रत्येक गिऱ्हाइकाशेजारी एक वाढपी उभा करावा, तसे. गिऱ्हाईक पोळी चावत असताना वाढपी नुसता उभा. त्याने फोन काढला, दहा मिनिटे गप्पा मारल्या, तरी वाढपी तिथेच. आमच्या अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकात ‘सॉकेट प्रोग्रॅमिंग’ म्हणून जे लिहून घेतात, ते साधारण असेच असते. एका क्लायंटने ‘हॅलो’ म्हटले, सर्व्हरने ‘हॅलो’ म्हटले, तोंडी परीक्षा संपली. दुसरा क्लायंट आला तर काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

अपाचे हा जगातला सर्वाधिक वापरला गेलेला वेब सर्व्हर दीर्घकाळ याच पद्धतीने चालला. त्याच्या ‘प्रीफोर्क’ या रचनेत कामगारांची मूळ मर्यादा २५६ असते. शिवाय ‘कीप-अलाइव्ह’ नावाची एक सोय असते. एकदा पान दिल्यानंतर हा माणूस लगेच दुसरे पान मागेल, तर पुन्हा ओळखपाळख नको, म्हणून कनेक्शन काही काळ उघडे ठेवायचे. अपाचे २.४ मध्ये हा काळ मुळात ५ सेकंदांचा आहे. एरवी ही सोय फार उपयोगी पडते, पण गर्दीत ती अंगाशी येते.

साधा हिशेब करून पाहा. समजा, एक निकाल दाखवायला ५० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. २५६ कामगार असतील आणि सीपीयूने साथ दिली, तर सेकंदाला पाच हजारांवर निकाल देता येतील आणि १५ लाख निकाल पाच मिनिटांत संपतील. पण प्रत्येक कामगार काम झाल्यावर ५ सेकंद गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत उभा राहणार असेल, तर एका गिऱ्हाइकामागे ५.०५ सेकंद जातात आणि सेकंदाला जेमतेम ५० जणांचे काम होते. त्याच १५ लाख निकालांना आता आठ तासांहून अधिक वेळ लागेल. यंत्र तेच आहे, प्रोग्रॅमही तोच, बदलली ती फक्त एक ओळीची सेटिंग. ब्राउझर एकाच संकेतस्थळाला एका वेळी सहापर्यंत कनेक्शन उघडतात, हे तर अजून हिशेबात धरलेलेच नाही.

त्यात भर पडते ती संथ जोडणीची. पुण्यात फायबरवर बसलेला विद्यार्थी पान क्षणात उतरवून घेतो. मोखाड्यात किंवा भामरागडला एका काडीच्या रेंजवर तेच पान उतरायला २० सेकंद लागू शकतात आणि तेवढा वेळ सर्व्हरवरचा एक कामगार त्याच्यासाठी अडकून पडतो. दुर्बळ नेटवर्क ही फक्त त्या विद्यार्थ्याची अडचण राहत नाही, ती सगळ्यांचीच होते. हाच कच्चा दुवा पकडून २००९ मध्ये ‘स्लोलोरिस’ नावाचे हल्ल्याचे साधन आले. एका साध्या संगणकावरून शेकडो कनेक्शन उघडायची आणि प्रत्येकावर मुद्दाम मुंगीच्या गतीने माहिती पाठवत राहायचे. सगळे कामगार अडकतात आणि संकेतस्थळ ठप्प होते. बँडविड्थ जवळपास शून्य लागते.

‘सी-१०-के’ हा काय प्रकार होता?

१९९९ मध्ये डॅन केगेल या अमेरिकी अभियंत्याने एक प्रश्न मांडला. वेब सर्व्हरने एकाच वेळी दहा हजार ग्राहक सांभाळायची वेळ आता आलेली नाही का? क्लायंटचा ‘सी’ आणि दहा हजारांचा ‘१०-के’, म्हणून ‘सी-१०-के प्रॉब्लेम’. केगेलचा युक्तिवाद यंत्राच्या किमतीचा होता. साधारण १२०० डॉलरमध्ये एक हजार मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, दोन गिगाबाइट मेमरी आणि गिगाबिट नेटवर्क कार्ड असलेला संगणक मिळतो. त्यावर २० हजार ग्राहक बसवले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलोहर्ट्झ प्रोसेसर, १०० किलोबाइट मेमरी आणि सेकंदाला ५० किलोबिट नेटवर्क येते. डिस्कवरून चार किलोबाइट उचलून सेकंदातून एकदा नेटवर्कवर ठेवायला यापेक्षा जास्त लागूच नये. मग सर्व्हर का कोलमडतात?

कोलमडत होते ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या जुन्या सवयींमुळे. अनेक कनेक्शनवर एकाच प्रोसेसने लक्ष ठेवायची सोय तेव्हाही होती, ‘सिलेक्ट’ नावाची. पण तिची रीत अशी की, प्रत्येक वेळी सगळ्या कनेक्शनची यादी कर्नलच्या हाती द्यायची, कर्नलने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायची आणि मग कोणाकडे काही आले आहे ते सांगायचे. बँकेतल्या शिपायाने बाकावरच्या प्रत्येकाजवळ जाऊन ‘तुमचं काम आहे का? तुमचं?’ असे विचारत फिरावे तसे. दहा माणसांत हे चालून जाते. दहा हजारांत शिपायाचा दिवस विचारण्यातच जातो आणि त्या दहा हजारांपैकी काम असते पाच जणांचे. शिवाय या ‘सिलेक्ट’ची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०२४ कनेक्शनची होती, ती वेगळीच.

उपाय दोन ठिकाणी साधारण एकाच सुमारास आला. फ्रीबीएसडीमध्ये २००० साली जोनाथन लेमन यांची ‘केक्यू’ ही यंत्रणा आली, तर लिनक्समध्ये २००२ मध्ये डेव्हिडे लिबेंझी यांची ‘ई-पोल’. दोन्हींमागचा विचार एकच. कोणत्या कनेक्शनवर लक्ष ठेवायचे ते कर्नलला एकदाच सांगून ठेवायचे आणि ज्याच्याकडे खरोखर काही घडले तेवढ्यांचीच नावे कर्नलने द्यायची. बँकेत टोकन यंत्र बसले की शिपायाची फेरी बंद होते, तेच इथे झाले. रांगेत किती जण आहेत याला महत्त्व उरले नाही. आत्ता किती जणांचे काम निघाले आहे, एवढेच मोजायचे राहिले.

या सोयीवर पहिली मोठी इमारत बांधली ती इगोर सिसोएव्ह या रशियन अभियंत्याने. रॅम्बलर या तिथल्या पोर्टलसाठी काम करताना त्याने २००२ मध्ये नव्या वेब सर्व्हरची सुरुवात केली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. तो म्हणजे ‘एनजिनएक्स’. यात प्रत्येक प्रोसेसर कोअरमागे साधारण एकच कामगार असतो आणि तो हजारो कनेक्शन एकटा फिरवतो. एकाला पोळी वाढली की लगेच दुसऱ्याकडे. कोणाच्या शेजारी तो उभा राहत नाही. निवांत पडून असलेले कनेक्शन आता एका अख्ख्या प्रोसेसऐवजी काही किलोबाइटची नोंद होऊन राहते. मोखाड्यातल्या त्या संथ फोनचा प्रश्नही इथे सुटतो. मागचा जड प्रोग्रॅम आपले उत्तर एनजिनएक्सच्या हाती देऊन मोकळा होतो आणि ते थेंबाथेंबाने फोनपर्यंत पोहोचवत बसण्याचे काम एनजिनएक्स करतो.

हा बदल किती मोठा होता, हे व्हॉट्सअॅपच्या उदाहरणावरून कळते. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने जाहीर केले की, एका सर्व्हरवर २० लाखांहून अधिक कनेक्शन एकाच वेळी उघडी ठेवण्यात त्यांना यश आले आहे. फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि एर्लँग ही मुळात टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरिक्सनमध्ये जन्मलेली प्रोग्रॅमिंग भाषा, या जोडीवर. आज हा विचार जवळपास प्रत्येक भाषेत शिरला आहे. २००९ मध्ये नोड जेएस आले, त्याच वर्षी गो भाषा खुली झाली आणि सप्टेंबर २०२३ मधल्या जावा २१ मध्ये ‘व्हर्च्युअल थ्रेड’ अधिकृत झाले. शेवटच्या दोन्हींची खुबी अशी की, प्रोग्रॅमर जुन्याच पद्धतीने ‘एका गिऱ्हाइकामागे एक वाढपी’ असा सोपा कोड लिहितो, पण आतमध्ये मोजकेच खरे वाढपी हजारो टेबले फिरत असतात.

मग आजही संकेतस्थळे का बसतात?

कारण दार रुंद केले म्हणून स्वयंपाकघर मोठे होत नाही. दहा हजार लोक सुखाने आत आले, पण प्रत्येकाचे उत्तर शेवटी डेटाबेसमधूनच यायचे आहे. पोस्टग्रेस हा लोकप्रिय डेटाबेस आजही एका कनेक्शनमागे एक प्रोसेस याच पद्धतीने चालतो आणि त्याची मूळ मर्यादा १०० कनेक्शनची आहे.

इथे बहुतेक नव्या टीम एकच चूक करतात. संकेतस्थळ अडले की मर्यादा १०० वरून १००० वर नेतात आणि काम आणखी मंदावते. ऐकायला उलटे वाटते, पण कारण साधे आहे. आठ कोअरचा प्रोसेसर एका क्षणी आठच कामे करू शकतो. हजार कामे एकदम अंगावर घेतली तर त्याचा वेळ एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारण्यात, एकमेकांची कुलुपे उघडण्याची वाट पाहण्यात जातो. पोस्टग्रेसच्या विकीवरचा जुना ठोकताळा सांगतो की, एका वेळी कामात असलेली कनेक्शन कोअरच्या साधारण दुप्पट आणि त्यात डिस्कची संख्या मिळवून होईल तेवढी असावीत. म्हणजे आठ कोअरना १७-१८. बाकीच्यांनी बाहेर रांगेत थांबायचे. यासाठी अॅप आणि डेटाबेस यांच्यामध्ये ‘कनेक्शन पूल’ ठेवतात. मोजकी कनेक्शन कायम उघडी ठेवायची आणि आळीपाळीने सगळ्यांनी वापरायची. रांग कुठेतरी लागणारच असते. ती स्वयंपाकघरात लागू द्यायची नाही, एवढेच आपल्या हाती असते.

याखेरीज काही मर्यादा अशा आहेत की, त्या ठाऊक नसतील तर रात्र वाया जाते. लिनक्समध्ये प्रत्येक कनेक्शन ही एक ‘फाइल’ मानली जाते आणि एका प्रोसेसला अनेक ठिकाणी मुळात १०२४ फायलींचीच परवानगी असते. हजारावे कनेक्शन ओलांडले की लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ झळकू लागते. मर्यादा वाढवणे एका मिनिटाचे काम आहे, पण ते निकालाच्या आदल्या आठवड्यात करायचे असते.

दुसरी मर्यादा पोर्टची. पुढचा सर्व्हर मागच्या सर्व्हरशी बोलताना प्रत्येक कनेक्शनला एक पोर्ट क्रमांक वापरतो. लिनक्समध्ये यासाठी मुळात ३२७६८ ते ६०९९९ हे क्रमांक राखलेले असतात, म्हणजे २८ हजारांच्या थोडे वर. कनेक्शन बंद केल्यावर, वाटेत रेंगाळलेला एखादा निरोप भलत्याच्याच हाती पडू नये म्हणून, तो क्रमांक ६० सेकंद बाजूला ठेवला जातो. २८ हजारांना ६० ने भागा. एका ठिकाणाहून एकाच ठिकाणी सेकंदाला सुमारे ४७० पेक्षा जास्त नवी कनेक्शन सातत्याने उघडताच येत नाहीत. दोन्ही यंत्रे कितीही महागडी असोत. प्रत्येक विनंतीला नवे कनेक्शन उघडून लगेच बंद करणारी रचना इथे हमखास आपटते. उपाय पुन्हा तोच, उघडलेली कनेक्शन जपून वापरणे. बाहेरच्या दारावर अंगाशी आलेला कीप-अलाइव्ह आतल्या दारावर मात्र हवाच असतो. कोणतीही सेटिंग सरसकट चांगली किंवा वाईट ठरवता येत नाही, हे या विषयातले खरे दुखणे आहे.

रिफ्रेश दाबल्याने काय होते?

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगांविषयीचा एक नियम सिद्ध केला. आत असलेल्या लोकांची संख्या म्हणजे दर सेकंदाला येणारे लोक गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. दवाखान्यापासून टोलनाक्यापर्यंत सगळीकडे तो लागू पडतो. कोविनचे उदाहरण घ्या. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता १८ वर्षांवरील सर्वांसाठी लशीची नोंदणी खुली झाली. केंद्र सरकारने तेव्हा दिलेल्या आकड्यांनुसार सुरुवातीलाच मिनिटाला २७ लाख विनंत्या आल्या, म्हणजे सेकंदाला ४५ हजार. अनेकांना पहिली काही मिनिटे पानच उघडत नव्हते. तरी दिवसअखेर नोंदणीचा आकडा १ कोटी ३० लाखांवर गेला.

सेकंदाला ४५ हजार विनंत्या आणि प्रत्येकीला सेकंदाचा दहावा भाग लागला, तर एका वेळी आत असतील ४५०० विनंत्या. हे सांभाळता येते. पण मागे कुठेतरी काही अडले आणि उत्तराला पाच सेकंद लागू लागले, तर त्याच गर्दीत आत असतील २ लाख २५ हजार. गर्दी वाढलेली नसते, फक्त वेळ लांबलेला असतो. आणि वेळ लांबला की माणूस काय करतो? रिफ्रेश.

तुम्ही रिफ्रेश दाबता तेव्हा तुमच्यासाठी जुनी विनंती संपते, सर्व्हरसाठी नाही. बऱ्याच रचनांमध्ये तो जुन्या विनंतीवर काम करतच राहतो, निघून गेलेल्या गिऱ्हाइकासाठी ताट वाढत राहतो. वर तुमची नवी विनंती रांगेच्या शेवटी. एका टप्प्यानंतर सर्व्हर शंभर टक्के राबत असतो आणि त्याचे जवळपास सगळे काम टाकाऊ असते.

इंटरनेटने हे संकट लहानपणीच पाहिले आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ, अंतर सुमारे ४०० यार्ड, यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. तार तुटली नव्हती. प्रत्येक यंत्र हरवलेला निरोप पुन्हा पुन्हा पाठवत होते आणि त्या पुनरुक्तीनेच तार तुंबली होती. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर शोधलेला उपाय आजही तुमच्या फोनमध्ये चालू आहे. अडथळा जाणवला की जोर लावायचा नाही, वेग निम्म्यावर आणायचा, मग हळूहळू वाढवायचा.

चांगली सर्व्हर रचनाही हेच करते. ठरावीक मर्यादेपलीकडच्या विनंत्या ती आत घेत नाही, लगेच ‘थोड्या वेळाने या’ असे सांगते. काही ठिकाणी ‘तुमच्या पुढे अमुक जण आहेत’ असे दाखवणारी प्रतीक्षा-खोली असते. मोबाइल अॅपने पुन्हा प्रयत्न करताना प्रत्येक वेळी थांबा दुप्पट करायचा आणि त्यात थोडी यादृच्छिकता मिसळायची असा संकेत आहे. नाहीतर एकदम नापास झालेले लाख फोन बरोबर दहाव्या सेकंदाला पुन्हा एकदम दारावर येतात. दहापैकी सात जणांना लगेच उत्तर आणि तिघांना स्पष्ट नकार हे दहाही जणांना चक्र दाखवण्यापेक्षा केव्हाही बरे. आपल्याकडच्या अनेक सरकारी संकेतस्थळांना हा नकार देण्याचा धीर अजून होत नाही, असे माझे निरीक्षण आहे. कोणालाही ‘नाही’ म्हणायचे नाही, म्हणून सगळ्यांनाच ताटकळत ठेवले जाते.

निकाल आणि तत्काळ तिकीट यांत फरक काय?

फार मोठा. सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला विनावातानुकूलित तत्काळ आरक्षण खुले होते, तेव्हा हजारो माणसे त्याच मोजक्या जागांसाठी भांडत असतात. जागा क्रमांक ३२ दोघांना देता येत नाही. म्हणजे कुठेतरी एकाच वहीत, एकामागून एक नोंद करावीच लागते आणि ती वही कितीही यंत्रांवर वाटली तरी तिचा क्रम पाळावा लागतो. आयआरसीटीसीने ऑगस्ट २०१४ मध्ये नवी प्रणाली आणली तेव्हा क्षमता मिनिटाला २००० तिकिटांवरून ७२०० वर गेली. २२ मे २०२५ रोजी एका मिनिटात ३१,८१४ तिकिटांचा उच्चांक नोंदला गेला. त्यासाठी स्थिर मजकूर वेगळ्या वितरण जाळ्यावर हलवणे आणि बॉटना दारातच अडवणे हे मोठे उपाय होते. रेल्वेच्याच म्हणण्यानुसार तत्काळच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जवळपास निम्मे प्रयत्न बॉटचे असत.

निकालाचे तसे नाही. इथे कोणी काही बदलत नाही, फक्त वाचतो. दुपारी एकला जाहीर होणारा प्रत्येक गुण त्याच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. एका विद्यार्थ्याची गुणपत्रिका मजकूर म्हणून पाच किलोबाइट धरली, तर १५ लाख गुणपत्रिका साडेसात गिगाबाइटमध्ये मावतात. म्हणजे मध्यम दर्जाच्या एका सर्व्हरच्या मेमरीत, डिस्क किंवा डेटाबेसला हातही न लावता. बैठक क्रमांक आणि आईचे नाव जुळले की तयार पान द्यायचे, बस. अशी दहा यंत्रे ओळीने लावली की त्यांना एकमेकांशी बोलायचीही गरज नाही. प्रत्येकाकडे पूर्ण प्रत असते, एक बंद पडले तरी नऊ चालू राहतात. तत्काळ तिकिटाचा प्रश्न खरोखर अवघड आहे. निकालाचा प्रश्न २५ वर्षांपूर्वीच सुटलेला आहे, तो राबवायचा की नाही एवढाच मुद्दा उरतो.

अलीकडे मंडळाचा निकाल एकाऐवजी अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर एकदम दिला जातो, ते याच दिशेचे पाऊल आहे. गर्दी एका दारावरून चार-पाच दारांवर विभागली जाते.

वाचकांनी काय करावे?

चक्र फिरत असेल तर निदान १५ सेकंद हात आवरावा. फोन स्वतःच पुन्हा प्रयत्न करत असतो आणि रिफ्रेश केले की तो हिशेब शून्यापासून सुरू होतो. एकाच संकेतस्थळाचे पाच टॅब उघडण्यापेक्षा पाच वेगळ्या अधिकृत संकेतस्थळांचे एकेक टॅब उघडावेत. डिजिलॉकरचे खाते आधीच तयार ठेवावे, कारण त्या दिवशी खाते उघडायला लागणारा ओटीपीही रांगेतच असतो. कुटुंबातल्या चार फोनवरून एकच बैठक क्रमांक टाकण्यात काही हशील नाही, चौघेही एकमेकांच्याच पुढे रांग वाढवत असतात. आणि ‘५०३’ असा आकडा पडद्यावर आला तर घाबरून जाऊ नये. त्याचा अर्थ गुण हरवले असा नसून, सर्व्हर जिवंत आहे आणि त्याला सध्या आणखी लोक आत घ्यायचे नाहीत, एवढाच आहे.